उभा राहणारा शहामृग
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर 'शहामृग, कोंबडी आणि आपले ताट' असा विषय छापला आहे. त्यातले ताटाचे आधी उरकतो, कारण बऱ्याच जणांचे लक्ष तिथेच अडकलेले असणार. चिकन खावे का? खावे. बर्ड फ्लूचा विषाणू उष्णतेपुढे टिकत नाही. मांस आतपर्यंत 70 अंश सेल्सिअसला शिजले की तो निष्क्रिय होतो, आणि आपला रस्सा तर खदखदून उकळतो. नीट शिजवलेली कोंबडी किंवा अंडे खाऊन कुणाला हा रोग झाल्याचा पुरावा नाही. स्वयंपाकघरातला रोजचा शत्रू वेगळाच आहे, साल्मोनेला नावाचा जिवाणू. कच्ची कोंबडी नळाखाली खळखळून धुतली की त्याचे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. त्याच सुरीने काकडी चिरली की झाले. हाफ फ्राय आणि कच्च्या अंड्याचे मेयोनीज याबद्दल जास्त बोलत नाही, तरुण मंडळी नाराज व्हायची.

खरी गोष्ट ताटाच्या फार आधी सुरू होते. रानबदकांच्या आतड्यात इन्फ्लुएंझाचे विषाणू पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत आणि बदकाला त्याचे सहसा काही वाटत नाही. पेशीत शिरायचे तर विषाणूच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन यजमानाच्या विकराने तुटावे लागते. सौम्य विषाणूंसाठी अशी विकरे मुख्यतः आतड्यात आणि श्वसनमार्गात असतात. पण एच5 आणि एच7 गटातले विषाणू कोंबड्यांच्या गर्दीत फिरू लागले की कधीकधी नेमक्या त्या तुटण्याच्या जागी बदल होतो. मग शरीरातल्या जवळजवळ कोणत्याही पेशीत ते प्रथिन तुटू शकते. मेंदू, हृदय, यकृत, सगळीकडे वाट मोकळी. काही दिवसांत शेड रिकामी होते.

आज जगभर फिरणारा बर्ड फ्लूचा एच5एन1 हा 1996 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांमध्ये सापडलेल्या विषाणूचा वंशज आहे. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये 18 माणसांना तो लागला, त्यातली 6 दगावली. 2005 मध्ये चीनच्या चिंगहाय सरोवरावर रानपक्षी हजारोंनी मेले. त्यांत पट्टकदंब होते, हिवाळ्यात जायकवाडीवर आणि भिगवणला आपण दुर्बीण घेऊन पाहायला जातो तेच. त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 2006 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर देशभर गाजले. तिथल्या कोंबड्यांच्या नमुन्यांत भोपाळच्या प्रयोगशाळेला हा विषाणू सापडला. भारतातला हा पहिला उद्रेक. तेव्हापासून 'स्थलांतरित पक्ष्यांनी रोग आणला' हे वाक्य आपल्या तोंडी बसले आहे. ते अर्धेच खरे आहे. पक्षी विषाणू वाहतात, यात शंका नाही. पण ज्या विषाणूने त्यांना मारले, तो पाळीव पक्ष्यांमध्येच घातक झाला होता. त्यांच्यावरही तो आपणच लादला, असे मी म्हणेन.

आता शहामृग. तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे हजारो वर्षांपूर्वीचे मणी सापडले आहेत. पण त्याच्या पालनाची राजधानी दक्षिण आफ्रिकेतले औट्सहोर्न. आधी टोप्यांवरच्या पिसांसाठी, मग कातडे आणि मांसासाठी हा पक्षी तिथे पाळला गेला. हा पक्षी उघड्या माळावर वाढतो, त्याला शेडमध्ये कोंडता येत नाही. त्याच्या पाण्याच्या टाकीवर रानबदके उतरतात, खाद्यात चिमण्या येतात. 1991 मध्ये तिथल्या शहामृगांत एच7एन1 आढळला. 2011 मध्ये एच5एन2 चा मोठा उद्रेक झाला, हजारो पक्षी मारावे लागले आणि युरोपने तिथले कच्चे मांस घेणे बंद केले.

कोंबडी पटापट मरते आणि मरून बातमी देते. प्रौढ शहामृग बऱ्याचदा नुसता मलूल होतो, त्याची लघवी हिरवट होते, आणि मग तो सावरतो. पिल्ले मात्र दगावतात. या सौम्यपणाने संशोधक उलट सावध झाले, आणि त्याला कारण आहे. पेशीत शिरल्यावर विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला यजमानाच्या एएनपी32ए या प्रथिनाची मदत लागते. बहुतेक पक्ष्यांत या प्रथिनाला 33 अमिनो आम्लांची जादा जोड असते, सस्तन प्राण्यांत ती नसते. म्हणून पक्ष्यांचा विषाणू आपल्या पेशीत अडखळतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील वेंडी बार्कले यांच्या गटाने 2016 साली हे उलगडले. शहामृगातही ती जोड नाही! त्यामुळे त्याच्या शरीरात विषाणूच्या पीबी2 प्रथिनातल्या 627 व्या जागी बदल होण्याला वाव मिळतो. सस्तन प्राण्यांत शिरकाव सोपा करणारा बदल तो हाच. म्हणजे शहामृगाच्या अंगात विषाणूची आपल्यासाठी आयतीच तालीम होते.

या पार्श्वभूमीवर कॅनडातले प्रकरण पाहा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका फार्मवर डिसेंबर 2024 मध्ये शहामृग मरू लागले. दोन मृत पक्ष्यांत विषाणू सापडला आणि निदानानंतर 41 मिनिटांत सरकारी यंत्रणेने सगळा कळप नष्ट करण्याचा आदेश काढला. 69 पक्षी मेले, बाकीचे जगले. मालक कोर्टात गेले. 'पक्षी बरे झाले, त्यांच्यात प्रतिकारशक्ती आहे, त्यांच्यावर संशोधन होऊ द्या,' असे त्यांचे म्हणणे. शहामृगाच्या अंड्यातून प्रतिपिंडे काढण्याचे काम जपानमध्ये क्योतोच्या यासुहिरो त्सुकामोतो यांनी केलेले आहेच. अमेरिकेचे मंत्रीही मध्ये पडले. अखेर 6 नोव्हेंबर 2025 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला आणि उरलेले तीनशेहून अधिक पक्षी गोळ्या घालून मारले गेले.

बरे झालेला शहामृग निर्धोक असतो, हा मालकांचा युक्तिवाद मला पटत नाही. कारण आत्ताच सांगितले. पण त्या पक्ष्यांची नव्याने तपासणी यंत्रणेने होऊ दिली नाही, हेही पटत नाही. दहा महिने जगलेला कळप समोर उभा होता. रक्ताचे चार थेंब घेतले असते तर काय बिघडले असते? कोर्टाने अधिकाऱ्यांचा निर्णय वाजवी होता का एवढेच पाहिले. पक्ष्यांत विषाणू उरला होता का, या प्रश्नाला उत्तर आता मिळणार नाही.

आपल्याकडेही सस्तन प्राण्यांची पाळी आलीच आहे. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच5एन1 ने मेले. संशय खाण्यात आलेल्या कच्च्या कोंबडीवर गेला. वाघ रस्सा करून खात नाही.

मग लस का देत नाहीत? फ्रान्सने ऑक्टोबर 2023 पासून बदकांना दिली. आधीच्या हंगामात तिथे शेकड्यांनी उद्रेक होत होते, त्या हंगामात ते दहावर आले. भारताचे धोरण मात्र आजवर कलिंगचे राहिले आहे : बाधित जागेभोवती एक किलोमीटरमधले पाळीव पक्षी नष्ट करायचे, मग त्यांत एखाद्या आदिवासी बाईच्या परसातल्या दहा गावरान कोंबड्याही आल्या. लसीवरचा मुख्य आक्षेप शहामृगासारखाच आहे. लस दिलेली कोंबडी मरत नाही, पण विषाणू बाळगू शकते आणि बातमी देत नाही. म्हणून फ्रान्समध्ये लस दिलेल्या कळपांची नियमित तपासणी होते आणि सुरुवातीच्या काळात खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला. नवापूरच्या शेडमध्ये आणि त्या बाईच्या परसात ही तपासणी कोण करणार, किती दिवसांनी, कुणाच्या पैशाने? पशुसंवर्धन खात्याची मंडळी पुढच्या रांगेत बसली आहेत. प्रश्नोत्तरांत मला सोडा, त्यांना विचारा.