सायकल कुणाच्या मापाची?

(आष्टी येथे मुली आणि त्यांच्या आयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातल्या काहीजणींना ट्रायथलॉनमध्ये उतरायचं आहे. पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक. सायकलीला घरातून थोडेच पैसे मिळणार, म्हणून आज सायकलीचंच बोलू या. पोहायच्या सरावाला धरणाच्या पाण्यात एकटीनं जायचं नाही, एवढं मात्र सांगून ठेवते.

सुरुवातीच्या स्प्रिंट शर्यतीत ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, तेव्हा आधी बायकांची शर्यत झाली. अंतर याच्या दुप्पट होतं. २० किलोमीटरसाठी लाखाच्या वरची, कोपरं टेकवून चालवायची सायकल लागत नाही. साधी रोड सायकल पुरते, जुनी असली तरी. घरी गिअरची सायकल असेल तर खडबडीत टायर काढून गुळगुळीत घाला, पहिली शर्यत तिच्यावरच होईल.

घ्यायचीच ठरली की घरात एक वाक्य हमखास येतं : जरा मोठीच घ्या, भावालाही चालेल. मोठ्या सायकलीचं हँडल लांब पडतं. मग मान धरते, खांदे भरून येतात, ब्रेकपर्यंत बोटं नीट पोचत नाहीत. सीट खालीवर करता येते, हँडल थोडं जवळ आणता येतं. फ्रेम मात्र लहान करता येत नाही. म्हणून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभ्या राहा. मध्ये दोन बोटं तरी जागा हवी. मग सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा; पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर.

दांड्याची सायकल मुलीला कशी, असं कुणी म्हणेलच. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. कित्येकींना त्याच पसंत पडल्या, कारण दांड्यावर लेकरू बसवता येई. आपल्याला दांडा हवा तो वेगळ्या कारणानं : त्यानं फ्रेम हलकी राहूनही मजबूत होते.

सीटबद्दल बोलायला आपण लाजतो. पण बायकांची बैठकीची हाडं सहसा जास्त रुंद असतात. अरुंद सीटवर नाजूक जागी दाब येतो, बधिरपणा येतो, कातडी सोलते. जरा रुंद, मधे खाच असलेली सीट बसवून घ्या. मऊ गादीची मात्र नको, तिच्यात शरीर रुततं आणि दाब वाढतो. चटके बसत असतील तर 'सवय होईल' म्हणून सोसू नका.

जुनी सायकल दिवसाउजेडी बघा. जोडांपाशी तडा असेल तर फुकटही नको. चाक फिरवून बघा, लचकतंय का. चेन आणि ब्रेकचे रबर बदलता येतात, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. आपल्या तळेगाव-आर्वीकडच्या रस्त्यांना २८ मिलिमीटरचे टायर बरे. फ्रेममध्ये बसतात का ते विचारा. हेल्मेट मात्र नवंच घ्या, त्याशिवाय शर्यतीत सायकल चालवू देत नाहीत.

आणि पायडलच्या आसाखाली फ्रेमचा नंबर कोरलेला असतो. तो पावतीवर लिहून घ्या. पावतीवर नाव मुलीचं.