मोटार कंपनीसाठी बायोडेटा लिहिताना

तळेगाव ढमढेरेहून शिक्रापूरला आलं की एक रस्ता चाकणला जातो, दुसरा रांजणगावला. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होते. अशा गाडीत काय द्यायचं, कोणासाठी आणि किती किमतीला, हे ठरवण्यात प्रॉडक्ट मॅनेजरचा मोठा वाटा असतो. आपल्या भागातल्या इंजिनिअर मुलामुलींनी या कामासाठी जरूर अर्ज करावा.

पण बायोडेट्यात बरेच जण पद लिहितात, काम लिहीत नाहीत. ‘क्वालिटी विभागात तीन वर्षं’ यातून काहीच कळत नाही. समजा, दाराच्या रबरातून पाणी झिरपल्याच्या तक्रारी होत्या. मग असं लिहा: ‘सर्व्हिस सेंटरवर जाऊन ग्राहकांशी बोललो, रबराचा पुरवठादार आणि डिझाइन विभाग यांना एकत्र बसवलं, सहा महिन्यांत तक्रारी निम्म्यावर आल्या.’ आकडा मात्र खराच हवा. मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात.

एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुराचं बीएस-६ मानक लागू झालं. त्या बदलात सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यातही तुम्ही राबला असाल, तर ते अगदी वर लिहा. कांद्याच्या गोण्या पिकअपमध्ये भरताना फाळका कुठे अडतो, हे माहीत असणंही माझ्या मते मोलाचं आहे. वडिलांचं नाव, छंद यांत जागा घालवू नका. दोन पानं पुरेत. जाहिरातीतले शब्द तुमच्या कामाला लागू असतील तर तसेच वापरा, कारण पहिली चाळणी बऱ्याचदा संगणकच लावतो.