हुकावरचा थर



आपल्या गावची पुष्कळ मुले हल्ली रंगाच्या कारखान्यात कामाला जातात. तिथे फाटक, खुर्ची, खिडकीची चौकट यांना पावडरचा रंग देतात. हा रंग पिठासारखा कोरडा असतो. विजेच्या जोरावर तो धातूला चिकटतो. मग माल भट्टीत ठेवतात. सुमारे १८० ते २०० अंश उष्णतेत पावडर वितळते आणि तिचे घट्ट कवच होते.

माल हुकाला टांगलेला असतो. त्या हुकावाटेच वीज जमिनीत उतरते. पण दर खेपेला हुकावरही रंग बसतो. थरावर थर चढला, की विजेची वाट बंद होते. मग पावडर नीट धरत नाही, खाली सांडते. शिवाय ठिणगी उडून हवेतली पावडर पेट घेऊ शकते. म्हणून हा थर काढलाच पाहिजे.

काढायचा कसा? हातोडा मारून? छे! हूक वाकतो. आधी धातू ओळखा, मग उपाय करा.

जाड, साध्या लोखंडाचा हूक असेल, तर खास भट्टीत सुमारे ४०० अंशांवर रंग जाळतात. राहिलेली राख ब्रशने निघते. उघड्या चुलीत मात्र जाळू नका. तो धूर विषारी असतो. स्प्रिंग तापवू नका. तिचा ताण जातो. पातळ पत्रा तापवला तर वाकडा होतो.

कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातही लोखंडावरचा पुष्कळसा रंग सुटतो. पण ॲल्युमिनियम त्यात कधी बुडवू नका. सोडा ते खातो आणि पेटणारा वायू निघतो. जस्ताचा मुलामाही सोडा खातो. द्रावण करताना सोडा थोडा थोडा थंड पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी ओतू नये. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यात थेंब उडाला, तर लगेच पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा.

ॲल्युमिनियमसाठी रंग काढायचे वेगळे औषध मिळते. आधी कोपऱ्यावर लावून बघा. आणि डब्यावरचे नाव वाचा. इंग्रजीत असेल, तर कुणाकडून वाचून घ्या. ‘मेथिलीन क्लोराइड’ असेल, तर सावध! त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टाकीच्या तळाशी साचते. टाकीत वाकून काम करणारी माणसे तिने गुदमरून मेली आहेत. तोंडाला फडके बांधून ती अडत नाही.

तेव्हा कुणी म्हणाले, “उतर टाकीत, पटकन काढ,” तर आधी विचारा, “डब्यावर काय लिहिलंय?” विचारायला लाजू नका. आणि थर साचूच देऊ नका. दर खेपेनंतर हुकाचे टोक घासून उघडे करा.