नवे आजार आणि दानातले रक्त
(स्वागताध्यक्षीय भाषण, भडगाव)

भारतात दानातून मिळालेली रक्ताची प्रत्येक पिशवी रुग्णाला देण्यापूर्वी एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, सिफिलिस व मलेरिया या पाच आजारांसाठी तपासली जाते. ही यादी टप्प्याटप्प्याने वाढत गेली. एचआयव्हीची लागण देशात 1986 मध्ये चेन्नईत प्रथम आढळली. तिच्यासाठी रक्ताची तपासणी सक्तीची झाली 1989 मध्ये. क काविळीची तपासणी 2001 मध्ये आली. आजार पुढे आणि चाचणी मागे, असाच हा क्रम आहे. मधल्या काळात रक्ताची राखण कशी करावी, हा या परिषदेचा विषय. त्यासाठी गिरणाकाठी आलेले रक्तपेढ्यांचे डॉक्टर, तंत्रज्ञ, शिबिरांचे संयोजक आणि रक्तदाते यांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत.

हा प्रश्न खानदेशापासून दूर नाही. डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. 1973 मध्ये बार्शीत साथ आणणारा चिकनगुनिया 2006 मध्ये राज्यात पुन्हा फैलावला. झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. झिका झालेल्या बहुतेकांना लक्षणे जाणवतच नाहीत, आणि रक्तातून त्याची लागण झाल्याच्या नोंदी ब्राझीलमध्ये आहेत.

लागण झाल्यावर काही दिवस ती चाचणीत दिसत नाही. विषाणूचे जनुकद्रव्य शोधणारी नॅट चाचणी हा काळ कमी करते, पण पूर्ण मिटवत नाही. नव्या विषाणूसाठी तर नेहमीच्या यादीत चाचणीच नसते. तिथे उपयोगी पडतात ती दात्याची खरी उत्तरे. मलेरिया बरा झाल्यावर 3 महिने, झिकानंतर 4 महिने आणि डेंग्यू किंवा चिकनगुनियानंतर 6 महिने रक्त देऊ नये, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. रक्तदानानंतर ताप आला, तर दात्याने त्याच दिवशी रक्तपेढीला कळवावे. प्लेटलेट 5 दिवसांतच वापरल्या जातात, त्यामुळे पिशवी बाजूला काढायला वेळ थोडा असतो.

खरे उत्तर मोकळ्या मनाचा दाताच देतो. पैशासाठी किंवा नातेवाइकांच्या दडपणाखाली रक्त देणारा ताप लपवू शकतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये व्यावसायिक रक्तदाते बंद करण्याचा आदेश दिला. शिबिरात पिशव्यांच्या आकड्यापेक्षा प्रश्नावलीला वेळ देणे, परत पाठवलेल्या दात्याचा मान राखणे आणि साथीच्या बातम्या रक्तपेढीपर्यंत तातडीने पोहोचवणे, ही तीन कामे परिषदेपुढे आहेत. थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागते; या कामांचा पहिला लाभ त्यांना होईल.