ज्येष्ठतेची यादी

दोन विमान-कंपन्या एक झाल्या कीं विमानांना नवा रंग देण्यास फारसा काळ लागत नाहीं. वैमानिकांच्या दोन याद्यांची एक यादी करण्याचें काम मात्र अमेरिकेंत एकदां अकरा वर्षें अडून राहिलें.

कचेरींत नोकरी केलेल्यास बढतीच्या यादीचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. परंतु अमेरिकन वैमानिकाचें सारें आयुष्यच त्या यादींतील आंकड्यावर टांगलेलें असतें. कोणत्या शहराहून उड्डाण करावयाचें, विमान लहान कीं मोठें, खुर्ची सहवैमानिकाची कीं कप्तानाची, नाताळांत घरीं राहावयाचें कीं नाहीं, आणि मंदी आली असतां नोकरी प्रथम कोणीं गमवावयाची, हें सर्व तो आंकडा ठरवितो. शिवाय तो दुसऱ्या कंपनींत नेतां येत नाहीं; वीस वर्षांचा कप्तानहि तेथें तळाशींच उभा राहतो. म्हणून कंपनी विकली गेली म्हणजे त्याची एकुलती मिळकत परक्यांच्या हातीं जाते.

२००१ सालीं दिवाळखोर झालेली ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स अमेरिकन एअरलाइन्सनें घेतली, तेव्हां घेणाऱ्यांच्या वैमानिक-संघाचा शब्द चालला. आलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक वैमानिक यादीच्या तळाशीं गेले. त्याच सप्टेंबरांतील हल्ल्यांनंतर धंदा बसला, आणि तळच्यांवर प्रथम गदा आली. त्यांच्या गाऱ्हाण्यांतून २००७ च्या अखेरीस कायदा झाला. मिझुरीच्या मॅकॅस्किल व बाँड या दोन सिनेटरांच्या नांवानें तो ओळखला जातो. याद्यांविषयीं एकमत न झाल्यास प्रश्न लवादाकडे न्यावा, असें त्यानें ठरविलें.

पण लवादानें तरी कोणतें माप घ्यावें? २००५ सालीं यू. एस. एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. पहिली जुनी व मोठी, परंतु दिवाळ्यांत निघालेली; दुसरी लहान, पण तग धरून असलेली. दोहोंचे वैमानिक एकाच संघाचे असल्यामुळें वाद संघाच्याच नियमाप्रमाणें जॉर्ज निकोलाऊ यांच्यापुढें गेला. एक बाजू म्हणे, नोकरीचीं वर्षें मोजा. दुसरी म्हणे, बुडत्या जहाजावरील वर्षांची किंमत ती काय? मे २००७ मध्यें निकाल लागला. पहिल्या ५१७ जागा यू. एस. एअरवेजच्या वैमानिकांस मिळाल्या, कारण रुंद देहाचीं मोठीं विमानें त्यांच्याकडेच होतीं. कामावरून कमी केलेले त्यांचे सुमारें १७०० लोक तळाशीं गेले. मधले सर्व प्रमाणानें गुंफले. परिणामीं सोळा-सतरा वर्षें नोकरी झालेला मनुष्य कालपरवां आलेल्याच्या शेजारीं बसला.

निकाल निर्दय दिसतो. अन्याय्य मात्र म्हणवत नाहीं. तो मनुष्य स्वतःच्या कंपनींतहि काम करणाऱ्यांत शेवटचाच होता; त्याच्या खालचे सारे घरीं बसलेले होते. विलीनीकरणानें कोणाचें असलेलें हिरावूं नये आणि नसलेलें देऊंहि नये, असें हें माप होतें. उणीव एवढीच कीं, वडील सहकारी निवृत्त झाले म्हणजे आपण वर जाऊं, या त्याच्या आशेचें वजन तराजूंत हलकें भरलें. कित्येक वर्षें त्यानें त्याच आशेवर काढलीं होतीं.

मग जें होऊं नये तें झालें. संख्येनें अधिक असलेल्या यू. एस. एअरवेजच्या वैमानिकांनीं २००८ सालीं नवा संघ काढला, जुना घालविला, आणि जो निकाल मानण्याचें आधीं कबूल केलें होतें तोच नाकारला. खटल्यांवर खटले चालले. एका रंगाच्या विमानांत दोन्हीकडचे वैमानिक शेजारीं बसत नव्हते. दोन याद्या, दोन वेतनें, दोन करार. त्यांतच डिसेंबर २००७ मध्यें निवृत्तीचें वय ६० वरून ६५ वर गेलें होतें, म्हणजे वरच्या जागाहि पांच वर्षें अडल्या.

२०१३ सालीं ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्यें मिळाली, आणि त्रिसदस्य लवादानें २०१६ सालीं अखेर एक यादी जाहीर केली. तोंवर या भांडणांत हिरिरीनें पडलेल्या कित्येकांचें वय पासष्टाच्या पुढें गेलें होतें. त्यांचीं नांवें तींत नव्हतींच.