सास्ना: शास्त्रांतल्या गायीची पोळी



संस्कृतातला कुठलाही शास्त्रग्रंथ उघडा, फार वेळ न जाता एक गाय समोर येते. व्याकरणात येते, न्यायात येते, मीमांसेत येते. ही गाय कुणाला दूध देत नाही, तिची कुणी पूजा करत नाही, तिचा रंगही ठरलेला नाही. तिच्याजवळ एक गोष्ट मात्र हमखास असते, ती म्हणजे सास्ना.

सास्ना म्हणजे गायीबैलाच्या गळ्याखालून छातीपर्यंत लोंबणारी कातडीची घडी. आपला शेतकरी तिला पोळी म्हणतो. जनावर पारखताना वशिंड आणि शिंगं बघून झाली की नजर तिच्यावर जाते. देवणीची पोळी भरदार, घड्या पडलेली, खिल्लारची आटोपशीर. (पोळ्याच्या दिवशी बैलाला खाऊ घालतो ती पुरणाची पोळी वेगळी, हे इथं सांगायला नको.) अमरकोशात सास्नेला 'गलकंबल' असा पर्याय आहे. गळ्याची घोंगडी, ऐकताक्षणी उलगडतो. 'सास्ना' तसा उलगडत नाही. धातूंपासून शब्द साधून दाखवणाऱ्या उणादिसूत्रांनी तो 'सस्', म्हणजे झोपणे, या धातूपासून साधला आणि वामन शिवराम आपट्यांच्या कोशातही तीच वाट दिसते. मला ही ओढाताण वाटते. शब्दाला धातू हवाच, मग कुठून तरी आणायचा, ही उणादींची जुनीच रीत.

शब्द कुठून आला यापेक्षा त्याला कामाला कसं लावलं, ते जास्त गमतीचं आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला पतंजली महाभाष्याच्या आरंभी, पस्पशाह्निकात, विचारतो की 'गौः' यात शब्द कोणता? सास्ना, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगं असलेली ती वस्तू, हा शब्द का? नाही, ते द्रव्य. तिचं हलणं, डोळे मिचकावणं? ती क्रिया. पांढरेपणा, कपिलपणा? तो गुण. सगळ्या गायींत सारखं असलेलं काही? ती आकृती. मग उत्तर येतं: जो उच्चारला की सास्ना, शेपूट वगैरे असलेल्या प्राण्याचा बोध होतो, तो शब्द. पाच अवयवांच्या या यादीत पहिला मान सास्नेचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेल्या फ्रांझ कीलहॉर्न यांनी १८८० ते १८८५ या काळात महाभाष्याची संशोधित आवृत्ती काढली, आणि पुढं वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सगळा ग्रंथ मराठीत आणला. ज्यांना संस्कृताची भीती वाटते त्यांनी निदान तेवढं आह्निक मराठीतून वाचावं.

पण सास्नाच का? याचं खरं उत्तर नैयायिकांकडे आहे. सतराव्या शतकातला अन्नंभट्ट तर्कसंग्रहावरच्या आपल्याच दीपिकेत सांगतो की लक्षण तीन दोषांपासून मुक्त हवं. गाय म्हणजे कपिल रंगाची, असं म्हटलंत तर पांढरी गाय बाहेर राहिली, ही अव्याप्ती. शिंगं असलेली ती गाय म्हणालात तर म्हैस आत शिरली; ही अतिव्याप्ती. एका खुराची म्हणालात तर एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. सास्ना या तिन्हींतून सुटते. ती गायीला आहे आणि शेजारच्या म्हशीला नाही.

तुम्ही म्हणाल, मग दूध का नको? कासेला संस्कृतात चांगला 'ऊधस्' शब्द आहे. पण 'गो' या शब्दात बैलही येतो, कालवडही येते आणि भाकड गायही येते. कास धरली तर निम्मा गोठा बाहेर. आपल्याला गायीचं जे सगळ्यांत मोलाचं वाटतं, ते लक्षणाच्या कामाचं नाही. आणि जिला कुणी विचारत नाही ती लोंबती कातडी नेमकी कामाची ठरते. शास्त्रकारांनी इथं भक्ती बाजूला ठेवली, ही गोष्ट मला फार आवडते.

कणादाने तर याच्याही पुढचं काम तिच्याकडून करून घेतलं. वैशेषिकसूत्रांत तो शिंगं, वशिंड, टोकाला केस असलेली शेपटी आणि सास्ना ही गोत्वाची दिसणारी खूण म्हणून सांगतो. आणि लगेच वाऱ्याकडे वळतो: वारा दिसत नाही, त्याची खूण स्पर्श. डोळ्यांना न दिसणाऱ्या वाऱ्यापर्यंत जायचा रस्ता गायीच्या गळ्याखालून जातो.

आता थोडी खोड काढू. आफ्रिकेत ईलँड नावाचं भलंमोठं हरीण आहे, त्याच्या गळ्याखाली चांगली लोंबती पोळी असते. नुसती सास्ना धरली तर तिथं अतिव्याप्ती झाली. पण शास्त्रकार लक्षणात नुसती सास्ना न म्हणता 'सास्नादि', म्हणजे सास्ना वगैरे, म्हणतात; त्यातला 'आदि' याचसाठी आहे. ईलँडला बैलाचं वशिंड नाही, असं म्हणून नैयायिक सुटेल.

होल्स्टीन गाय पुढ्यात आणली की मात्र त्याची पंचाईत होते. तिला वशिंड नाही आणि पोळी नावापुरती. शिंगं तर पुष्कळदा वासरूपणीच डागून टाकलेली असतात. पतंजलीच्या पाचांतलं ठळकपणे उरलं शेपूट आणि खूर, आणि ते म्हशीलाही आहेत. म्हणजे शास्त्रकारांनी लक्षण केलं ते जगातल्या सगळ्या गायींचं नव्हे, त्यांच्या अंगणात उभ्या असलेल्या वशिंडवाल्या गायीचं. आता नैयायिकापुढं दोनच वाटा. लक्षण बदलायचं, नाहीतर होल्स्टीन ही गायच नव्हे असं म्हणायचं. दुसरं म्हणणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि त्यांनी दीपिका वाचलेली असायची गरज नाही.

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून जाहीर केलं. त्यात 'देशी' हे विशेषण आहे. गोठ्यात जाऊन ते कुणाला लागू पडतं हे बघायचं झालं, तर आधी वशिंड बघावं लागतं आणि मग खाली वाकून पोळी.