प्लास्टिकच्या दाण्यांचा जाब कोणाला विचारायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मुख्य भाग)



प्लास्टिकचा विषय निघाला की कापडी पिशवी वापरण्याचा उपदेश ऐकावा लागतो. पिशवीशी माझे वैर नाही. परंतु या उपदेशात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तो ग्राहक. उत्पादक मात्र उपदेशकाच्या शेजारी व्यासपीठावर बसलेला असतो.

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज केरळनजीकच्या समुद्रात बुडाले आणि प्लास्टिकचे पांढरे, साबुदाण्याएवढे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर पसरले. पिशवी, बादली, बाटली ज्यापासून घडते तो हा कच्चा माल. तो कोणा गृहिणीने वापरला नव्हता, कोणी रस्त्यावर फेकला नव्हता. मासेमारी मात्र कोळ्यांची बंद पडली, आणि वाळूतून दाणे चाळण्याचे काम माणसांच्या हातांना करावे लागले. २०२१ साली कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजातून असेच सोळाशे टनांहून अधिक दाणे समुद्रात गेले होते. तरीही जहाजवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हा माल ‘धोकादायक’ या वर्गात मोडत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ साली काही शिफारशी केल्या. त्या पाळणे ऐच्छिक आहे!

पाच मिलिमीटरहून लहान कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. फुटक्या वस्तूंचे तुकडे, टायरची झीज, धुताना सुटणारे पॉलिएस्टरचे तंतू, हे सारे त्यात येते. २०२२ साली नेदरलँड्समधील संशोधकांना ते मानवी रक्तात आढळले. अपाय नेमका किती, याचे संशोधन चालू आहे. तो सिद्ध होईपर्यंत थांबा, असे कारखानदार सांगतील. अॅस्बेस्टॉसच्या वेळीही असेच सांगितले गेले. एकदा समुद्रात मिसळलेला कण परत गोळा करता येत नाही. म्हणून व्यवस्थापन करायचे ते उगमापाशीच.

आपले कायदे उगमापाशी जातात काय? महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, तेव्हा दंडाची पावती भाजीवाल्याच्याही हाती पडली. १ जुलै २०२२ पासून केंद्राने प्लास्टिकचे पेले, चमचे बंद केले. शाम्पूच्या पुड्या त्या यादीत नाहीत. बड्या कंपन्यांची ती बाजारपेठ आहे. उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे नियम आहेत खरे, पण त्यांत प्रमाणपत्रे विकत घेऊन मोकळे होण्याची सोय आहे. कचरा प्रत्यक्ष वेचणाऱ्या बाईच्या हाती त्यातले काय पडते? पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, तिने ओळखपत्राचा आणि मोबदल्याचा हक्क लढून मिळवला. उत्पादकांचा पैसा अशा संघटित हातांत थेट गेला पाहिजे.

ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात जागतिक कराराची बोलणी निष्फळ ठरली. मुख्य वाद उत्पादनावर मर्यादा घालण्याचा होता. तेल विकणारे देश त्याला आडवे आले. आणि भारत सरकारनेही या मर्यादेला विरोधच केला आहे. विकासाचा हक्क हे त्याचे कारण सांगितले जाते. हा विकास कोणाचा, हे संसदेत विचारले गेले पाहिजे.

दरम्यान आपल्या दाराशी काम आहे. नागोठण्यास हे दाणे तयार होतात, न्हावाशेव्यास बंदर आहे. कारखान्याच्या नाल्यांवर जाळ्या आहेत काय, ट्रक भरताना सांडलेला माल कोण उचलतो, कोणत्या मजुरीवर उचलतो, याची पाहणी रायगडच्या साथींनी पावसाळ्यापूर्वी करावी. पहिल्या सरीबरोबर सांडलेले सगळे खाडीत जाते.